चोवीस बाइटांचे गाव

गेल्या पावसाळ्यात एका मालवाहतूक कंपनीचा, जिचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, लघुसंदेश मला आला: ‘आपले पार्सल चिकलठाणाला पोहोचले आहे.’ पार्सल आल्याचा आनंद क्षणभर बाजूस राहिला आणि मी त्या ‘चिकलठाणाला’ या रूपाकडेच पाहत बसलो. आपल्या शहरातल्या चिकलठाणा विमानतळाबाहेर रिक्षावाल्याशी भाडे ठरवणारा प्रवासी असो, की एमआयडीसीतल्या रात्रपाळीला निघालेला कामगार असो, ज्याच्या तोंडी मराठी आहे तो ‘चिकलठाण्याला’ असेच म्हणणार. त्याला सामान्यरूपाचा नियम ठाऊक नसेल, विभक्ती हा शब्दही तो शाळेत सोडून आला असेल, तरी ‘चिकलठाणाला’ हे रूप त्याच्या जिभेवर येणार नाही. ते वाक्य कोणा मनुष्याने उच्चारलेलेच नव्हते. ‘आपले पार्सल’ एकाने, ‘ला पोहोचले आहे’ त्यानेच, आणि मधले गाव एका यादीने पुरवलेले, असा तो जुळवलेला मजकूर होता. आणि जोडाच्या जागी मराठीचे व्याकरण उसवले होते.

रिकामी जागा सोडून वाक्य लिहून ठेवावे आणि प्रसंग येईल तसा शब्द त्या जागेत भरावा, ही युक्ती संगणकाच्या जगात सर्वत्र पसरली ती मुख्यतः सी या भाषेमुळे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ही भाषा घडवली, आणि आज तुमच्या भ्रमणध्वनीच्या अंतर्भागापासून बँकेच्या महासंगणकापर्यंत जेथे जेथे यंत्राच्या अगदी निकट जाऊन काम करावे लागते, तेथे तेथे तिचे किंवा तिच्या वंशजांचे राज्य आहे. या भाषेत मजकूर छापण्याचे जे साधन आहे त्याला प्रिंटएफ म्हणतात. त्याला प्रथम एक मसुदा द्यावा लागतो. मसुद्यात जेथे शब्द भरावयाचा तेथे टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे रोमन ‘एस’, जेथे अंक भरावयाचा तेथे टक्क्याचे चिन्ह आणि ‘डी’. आणि मसुद्यामागून भरावयाच्या वस्तू क्रमाने द्यावयाच्या. पंगतीत वाढपी जसा मांडलेल्या पानांवर क्रमाने पदार्थ टाकत जातो, तसे प्रिंटएफ त्या जागांवर शब्द टाकत जाते. पान कोणाचे आहे, त्याला कोणता पदार्थ वर्ज्य आहे, याची चौकशी ते करीत नाही.

इंग्रजीत ही पद्धत बरीच खपून जाते, कारण इंग्रजी नाम विभक्तीपुढे फारसे वाकत नाही. शब्दयोगी शब्द आधी येतो आणि नाम जसेच्या तसे मागून येते. मराठीत नाम वाकते. जालना जालन्याला जाते, पुणे पुण्याला जाते, लातूरचा दीर्घ ऊकार ‘लातुरात’ येताच ऱ्हस्व होतो, वेरूळची ‘वेरुळात’ तीच गत. परभणी आणि नांदेड मात्र ‘ला’ लागला तरी जागची हलत नाहीत. म्हणजे एकाच मराठवाड्यातल्या गावांच्या यादीवर एकच मसुदा चालवला, तर काही गावे शुद्ध उतरतात आणि काही अशुद्ध, आणि ज्याने परभणीवर परीक्षा घेऊन पाहिली त्याची समजूत अशी होते की काम चोख झाले.

आता गंमत अशी, की हा प्रश्न संगणकाने प्रथम निर्माण केलेला नाही आणि त्याचे उत्तरही संगणकशास्त्रात शोधण्याची गरज नाही. आपल्या कचेऱ्यांतून छापील नमुने पिढ्यानपिढ्या भरले जात आहेत. ‘अर्जदार … यांस’, ‘मौजे … येथील’, ‘श्री. … यांचेकडून’, ‘सदर रक्कम … या खाती’ अशी ती वाक्ये आपण हसून ‘दफ्तरी मराठी’ म्हणून हिणवतो. परंतु त्यांच्या घडणीत केवढे शहाणपण आहे ते हा लघुसंदेश येईपर्यंत माझ्याही ध्यानात आले नव्हते. तेथे नामाला प्रत्यय लावलेलाच नाही. नाम जसेच्या तसे उभे राहते, आणि त्याच्या मागे उभे असलेले ‘यांस’, ‘येथे’, ‘या’ हे सर्वनामवाचक शब्द विभक्तीचे सगळे ओझे आपल्या खांद्यावर घेतात. ज्या कारकुनाला रिकाम्या जागेत उद्या कोणाचे नाव येणार हे ठाऊक नसे, त्याने नावाला हात न लावता वाक्य सिद्ध करण्याची ही तजवीज करून ठेवली होती. वेधशाळेच्या तापमानाची बातमी देणारी आपली वृत्तपत्रेही याच वळणाने ‘चिकलठाणा येथील वेधशाळेत’ असे छापतात, आणि जमिनीच्या खरेदीखतात ‘मौजे चिकलठाणा’ हे शब्द नावाला धक्का न लावता बसतात. दफ्तरी मराठी रुक्ष आहे, हे मला मान्य आहे. पण ती अशुद्ध नाही.

क्रियापदाचेही असेच. ‘फाइल सापडली नाही’, ‘दस्तऐवज सापडला नाही’, ‘पान सापडले नाही’ अशी लिंगाप्रमाणे तीन रूपे होतात, आणि रिकाम्या जागेत काय येणार ते मसुदा लिहिणाऱ्यास ठाऊक नसते. पण तोच मजकूर ‘सापडत नाही’ किंवा ‘उघडता येत नाही’ असा लिहिला, की लिंगाचा प्रश्नच मिटतो. शब्दांच्या क्रमाची अडचण याहून निराळी. इंग्रजी मसुदा म्हणतो, ‘चूक अमुक क्रमांकाची, फाइल तमुक’; मराठी मनुष्य आधी फाइल सांगेल आणि मग चूक. प्रिंटएफ क्रमाने वाढणारे असल्यामुळे अनुवादकाने वाक्य उलटवले की अंकाच्या पानावर नाव आणि नावाच्या पानावर अंक पडतो, आणि सी भाषेत असा घोटाळा हास्यास्पद होऊन थांबत नाही, संगणकाचा कार्यक्रम जागीच कोसळू शकतो. यासाठी युनिक्स परंपरेत अशी सोय केली आहे की टक्क्याच्या चिन्हापुढे अंक आणि डॉलरचे चिन्ह घालून ‘येथे दुसऱ्या क्रमांकाची वस्तू’ असे स्पष्ट सांगता येते. गेटटेक्स्ट नावाची जी अनुवादाची व्यवस्था आहे, जिच्यात इंग्रजी मसुदे एका बाजूस आणि मराठी मसुदे दुसऱ्या बाजूस अशी वही ठेवतात, ती एकवचन-अनेकवचनाचाही विचार करते. ‘१ चूक’ आणि ‘५ चुका’ यांसाठी दोन वेगळे मसुदे ठेवता येतात. मात्र कार्यक्रमाने आरंभी सेटलोकेल म्हणून एक हाक मारून ‘या घरची भाषा काय’ हे विचारले पाहिजे. ती हाक विसरली तर मराठीची वही कपाटातच राहते आणि पडद्यावर इंग्रजी येते.

सी भाषेत चूक जाहीर होते ती रीतही सांगण्याजोगी आहे. एखादी फाइल उघडावयास सांगितली आणि ती उघडली नाही, तर आरडाओरड होत नाही. एरनो नावाच्या कोपऱ्यात एक अंक मुकाट्याने लिहून ठेवला जातो. लिनक्सवर २ म्हणजे त्या नावाची फाइल वा फोल्डर नाही, १२ म्हणजे स्मृतीत जागा नाही, १३ म्हणजे परवानगी नाही. हा अंक तत्काळ टिपून घ्यावा लागतो, कारण मध्ये दुसरे कोणतेही काम केले तर त्यावर दुसरा अंक लिहिला जाऊ शकतो. घटनास्थळाचा पंचनामा जसा गर्दी होण्यापूर्वी करावा, तसे हे आहे. अंकाचे वाक्यात रूपांतर करण्याचे काम स्ट्रएरर करते, आणि पीएरर हे साधन आपण दिलेले नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग ते वाक्य असे छापते. ती दोन टिंबे म्हणजे विभक्तीच्या प्रश्नातून आयती सापडलेली पळवाट आहे. ‘चिकलठाणा: अशी फाइल नाही’ असे म्हटले की नाव एकीकडे, शेरा दुसरीकडे, आणि दोहोंचा संबंध लावण्याचे काम वाचकाकडे. तीही वाईट नाही. याच अंकांच्या यादीत २५ क्रमांकाला जुन्या युनिक्सवर जे वाक्य होते त्याचा अर्थ होता ‘हे टंकलेखनयंत्र नव्हे’. संगणकाला तेव्हा टंकयंत्रे जोडलेली असत, म्हणून ते वाक्य सार्थ होते. पुढे यंत्रे गेली आणि वाक्य राहिले, आणि पत्र पाठवण्यात काही बिघाड झाला तरी लोकांना ‘हे टंकलेखनयंत्र नव्हे’ असे गंभीरपणे सांगण्यात येऊ लागले. अलीकडे तेथे निराळे वाक्य असते, पण तेही सामान्य मनुष्यास अधिक उमगेल असे नाही.

एवढा वेळ मी ‘शब्द’, ‘नाव’ असे म्हणत आलो. पण सी भाषेला शब्द माहीत नाहीत, तिला बाइट माहीत आहेत. बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक अंक, आणि मजकूर म्हणजे अशा अंकांची ओळ, जिच्या शेवटी शून्य आले की ओळ संपली. रोमन लिपीपुरते पाहता एक अक्षर म्हणजे एक बाइट हे समीकरण इतके सहज जमले, की दोन भिन्न वस्तू एकच आहेत असा भ्रम पुष्कळांना अनेक वर्षे झाला. ‘चिकलठाणा’ हा शब्द त्या भ्रमाचे उत्तम औषध आहे. आपण मोजू तर अक्षरे पाच: चि, क, ल, ठा, णा. युनिकोड नावाच्या जागतिक वर्णसूचीत वेलांटी आणि काना ही स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे तिच्या मोजणीने चिन्हे आठ. आणि सी भाषेच्या लांबी मोजणाऱ्या साधनाला, स्ट्रलेनला, विचारले तर ते निर्विकारपणे सांगते: चोवीस. तिन्ही उत्तरे खरी आहेत.

चोवीस कोठून आले? युनिकोडने देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ घरे दिली आहेत; ‘च’ २३३० व्या घरात राहतो, ऱ्हस्व वेलांटी २३६७ व्या. एका बाइटात २५५ च्या पुढचा अंक मावत नाही, म्हणून तो अनेक बाइटांत विभागून लिहिण्याची रीत लागते, आणि आज सर्वमान्य झालेल्या रीतीचे नाव यूटीएफ-८. ती केन थॉम्प्सन यांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, रॉब पाइक समोर बसले असता, जेवणाच्या ताटाखालच्या कागदावर मांडली. या रीतीने रोमन अक्षरे पूर्वीप्रमाणे एकाच बाइटात राहतात आणि देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘च’ म्हणजे २२४, १६४, १५४. पहिल्या बाइटावरूनच कळते की पुढे आणखी दोन यावयाचे आहेत, आणि मधल्या बाइटाचा आरंभाच्या बाइटाशी कधीही गोंधळ होत नाही. ओळ कोठूनही वाचावयास घेतली तरी दोनतीन पावलांत वाट सापडते. आपल्या लिपीला तिप्पट जागा लागते ही तक्रार मी ऐकली आहे, आणि ती खोटीही नाही, पण जागा आता स्वस्त आहे.

तथापि जागा आधी मोजून राखून ठेवावी लागते हा सीचा स्वभाव आहे, आणि तेथे आपल्या शहराच्या नामांतराचे उदाहरण बोलके आहे. ‘औरंगाबाद’ या नावात युनिकोडची आठ चिन्हे, म्हणजे २४ बाइट. शेवटच्या शून्यासह २५. एखाद्याने सढळ हाताने ३० बाइटांची जागा राखून ठेवली असेल तर त्याचे काम सुखाने चालले असेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘छत्रपती संभाजीनगर’ या नावास मान्यता दिली. या नावात सोळा देवनागरी चिन्हे आणि एक मोकळी जागा, मिळून ४९ बाइट. तीसच्या पेटीत ते मावत नाही. मजकूर स्मृतीत लिहिणारे प्रिंटएफचे जुने भावंड, स्प्रिंटएफ, वापरले असेल तर उरलेले वीस बाइट शेजारच्या स्मृतीवर सांडतात आणि तेथे जे कोणी नांदत असेल त्याचा नाश होतो. सावध मनुष्याने जागेचे माप आधी विचारणारे एसएनप्रिंटएफ वापरले असेल तर सांडासांड होत नाही, पण ते २९ बाइटांनंतर कात्री लावते: ‘छत्रपती’चे २१, मोकळी जागा १, ‘सं’चे ६ मिळून २८, आणि एकोणतिसावा बाइट म्हणजे ‘भ’चा एक तृतीयांश तुकडा. पडद्यावर ‘छत्रपती सं’ दिसते आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह घेतलेला चौकोन. एसएनप्रिंटएफ प्रामाणिक आहे. ‘मला ४९ बाइट लागले असते’ असे ते परतीच्या उत्तरात सांगते. ते उत्तर वाचण्याची तसदी घेणारे थोडे.

हे बाइट चुकीच्या सूचीने वाचले म्हणजे काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पश्चिम युरोपच्या सूचीत २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचे एक निनावी चिन्ह, आणि १६५ म्हणजे जपानी येन. देवनागरीच्या पहिल्या चौसष्ट घरांतले चिन्ह असेल तर दुसरा बाइट १६४ येतो, पुढच्या चौसष्टांतले असेल, म्हणजे दीर्घ वेलांटी, मात्रा, हलन्त वगैरे, तर १६५. म्हणून बिघडलेल्या मराठी मजकुरात रेघवाला ‘ए’ दर तिसऱ्या घरी आणि मधूनमधून येनचा पाऊस असा देखावा दिसतो. तो दिसला तर मजकूर नष्ट झाला असे समजून घाबरू नये. बाइट बहुधा शाबूत असतात, चष्मा चुकलेला असतो. सीमधला आणखी एक खोडा असा, की पुष्कळ यंत्रांवर तिचा बाइट धन-ऋण दोन्ही बाजूंचा असतो आणि २२४ तेथे ऋण ३२ म्हणून वाचला जातो. ‘हे अक्षर आहे काय’ असा प्रश्न विचारणारे साधन मग कोष्टकात शून्याच्या अलीकडे बत्तीस घरे जाऊन उत्तर शोधू लागते.

युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीचा मजकूर आपल्या जिल्ह्यातल्या छापखान्यांत, संस्थांत आणि घराघरांत पडून आहे, आणि त्याचे रूपांतर हे स्वतंत्र प्रकरण आहे. कृतिदेव या प्रसिद्ध टंकात लिहिलेला ‘चिकलठाणा’ संगणकाच्या पोटात काय असतो? एफ, पी, डी, वाय, मोठा बी, के, पूर्णविराम, के, के: नऊ रोमन बाइट. त्या टंकाने रोमन अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवले आहेत. टंकलेखनयंत्रावर वेलांटी डावीकडे आधी उमटे, म्हणून येथेही एफ, म्हणजे वेलांटी, आधी आणि पी, म्हणजे ‘च’, मागून. पूर्णविराम म्हणजे दंड नसलेला अर्धा ‘ण’. त्याला पहिल्या ‘के’ने दंड दिला तेव्हा तो पुरा झाला, आणि दुसरा ‘के’ हा खरा काना. ‘स्थिती’सारख्या शब्दात वेलांटीला संपूर्ण जोडाक्षर ओलांडून ‘थ’च्या मागे न्यावे लागते; रफार याच्या उलट, तो मागून आलेला असतो आणि त्याला पुढे आणावे लागते. म्हणून हे काम एका सूचीतला अंक काढून दुसऱ्या सूचीतला घालण्याइतके सरळ नाही. त्याला अक्षराची घटना समजावी लागते. आणि त्याच मजकुरात ‘एमआयडीसी’ हा शब्द कोणी रोमनमध्ये लिहिला असेल, तर निव्वळ बाइटांवरून तो मुखवटा आहे की खरा चेहरा हे सांगण्याचा उपाय राहत नाही.

सरकारी मानक मात्र याहून शास्त्रशुद्ध होते. इस्की या नावाने ओळखले जाणारे हे भारतीय मानक १९९१ साली निश्चित झाले; पुण्याच्या सी-डॅकने त्यावर आधारलेली साधने देशभर पोहोचवली. त्यात वर्णक्रम उच्चाराप्रमाणे होता आणि एका चिन्हाला एकच बाइट लागे. ‘च’ म्हणजे १८४. इस्कीतला ‘चिकलठाणा’ ८ बाइटांचा, यूटीएफ-८ मधला २४ चा.

अशा रूपांतरासाठी सीच्या परिसरात आयकॉन्व्ह नावाचे साधन असते. त्याला उघडताना दोन सूचींची नावे द्यावी लागतात, आणि तेथे ‘कोणत्या सूचीत न्यावयाचे’ हे आधी आणि ‘कोणत्या सूचीतून आणावयाचे’ हे मागून असा उलटा क्रम आहे, ज्यात अनुभवी मनुष्यही एकदा तरी फसतो. पुढे ते काम करीत असता तीन कारणांनी थांबते, आणि त्याचे तीन शेरे अगदी कचेरीतल्या अवल कारकुनाच्या तोडीचे आहेत. पहिला: ठेवावयाची जागा भरली, नवी आणून द्या. आठाचे चोवीस होणार हे न ओळखता जागा राखली की हा शेरा ठरलेला. दुसरा: येथील बाइट या सूचीच्या नियमांत बसत नाहीत, म्हणजे मूळ दस्तऐवजच संशयास्पद आहे. तिसरा: शेवटचे चिन्ह अपुरे आहे, बाकीचा भाग आणा. हा तिसरा शेरा चूक नव्हे, पण पुष्कळ जण त्याला चूक समजून मजकूर टाकून देतात. फाइल सामान्यतः ४०९६ बाइटांच्या घासांनी वाचतात, आणि ४०९६ ला तीनने भागले तर एक उरतो. सलग देवनागरी मजकूर असेल तर पहिल्या घासाच्या शेवटी एका चिन्हाचा एकच बाइट दातांत अडकलेला असणारच. तो जपून पुढच्या घासाला जोडावयाचा असतो.

मराठीच्या घरच्या दोन गोष्टी येथे सांगितल्याच पाहिजेत. समुद्राच्या अर्थाचा ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ यांत आपण डोळ्यांनी आणि कानांनी भेद करतो. युनिकोडमध्ये पहिल्यात २३५२ क्रमांकाचा ‘र’ आहे आणि दुसऱ्यात २३५३ क्रमांकाचा. एका अंकाचे अंतर. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या परिवर्तकाला हा भेद ठाऊक नसला तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि स्वयंपाकाला बोलावलेल्या आचाऱ्यांचे आचार्य. दुसरी गोष्ट ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोपर्यंत लोक ‘अ’ वर चंद्र काढून काम भागवीत. दोन्ही दिसतात सारखे, पण एकाचे बाइट तीन आणि दुसऱ्याचे सहा, म्हणून जुन्या यादीतले ‘ॲड.’ नव्या शोधाला सापडत नाहीत आणि वकीलसाहेबांचे नाव मतदारयादीत नाही असा निष्कर्ष निघू शकतो.

एका लिखावटीतून दुसऱ्या लिखावटीत मजकूर नेताना काय हरवते, याचा अनुभव या भूमीला नवा नाही. चिकलठाण्याहून ज्या देवगिरीचा किल्ला दूर नाही, त्या यादवांच्या राजधानीतल्या हेमाडपंताशी परंपरा मोडी लिपीचा संबंध जोडते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. मोडीचे बालबोध करताना वेलांटी पहिली की दुसरी हे लिपी सांगत नाही, वाचणाऱ्याच्या भाषाज्ञानाने ठरवावे लागते. पुढे निजामी अमलात दफ्तर उर्दूत गेले, १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपल्यावर ते पुन्हा पालटले, आणि २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी पाहावयास घेतल्या तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज पुन्हा भासली. मोडीलाही युनिकोडने २०१४ साली घर दिले, पण ते ७११६८ क्रमांकापासून पुढे, शहराबाहेरच्या वसाहतीत म्हणावे तसे. तिच्या चिन्हाला तीन नव्हे, चार बाइट लागतात. आणि विंडोजवर सीचे जे ‘रुंद अक्षर’ असते त्यात ६५५३५ च्या पुढचा अंक मावतच नाही, तेव्हा तेथे मोडीचे प्रत्येक चिन्ह दोन तुकड्यांत लिहावे लागते.

सर्वांत नाजूक प्रसंग असतो तो रूपांतर फसले हे कळवण्याचा. ज्या मजकुराचे बाइट बिघडले आहेत, तोच मजकूर चुकीच्या संदेशातल्या रिकाम्या जागेत भरला तर संदेशही बिघडतो. रोगाची बातमी आणणाऱ्यालाच रोग जडतो. अशा वेळी शहाणा मनुष्य तो मजकूर छापीत नाही. ‘अमुक फाइल, ४०९५ क्रमांकाचा बाइट, तेथील अंक २२४’ असे स्थळ आणि अंक सांगतो. आणि बाहेरून आलेला मजकूर मसुद्याच्या जागी तर कधीच ठेवीत नाही. कोणी अर्जात ‘व्याज १० %’ असे लिहिले आणि तो अर्जच प्रिंटएफच्या हाती मसुदा म्हणून दिला, तर त्या टक्क्याला ते रिकाम्या जागेची खूण समजते, आणि त्यापुढे ‘एस’ वा ‘डी’ असेल तर स्मृतीतले काहीबाही उचलून तेथे भरू पाहते. याच वाटेने शिरून सर्व्हर ताब्यात घेण्याचे प्रकार २००० सालापासून गाजले.

ज्यांच्या हाती असे मसुदे लिहिण्याचे काम आहे, आणि आपल्या शहरात अशी मुले-मुली आता पुष्कळ आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की नावाला प्रत्यय चिकटवू नका. ‘येथे’ लिहा, ‘यांस’ लिहा, आणि मसुदा परभणीवर नव्हे, चिकलठाण्यावर चालवून पाहा. जागेची सबब येथे चालत नाही. मराठी लघुसंदेशाला ७० चिन्हांची मर्यादा असते. मला आलेल्या संदेशात ३५ चिन्हे होती, आणि ‘चिकलठाणा येथे’ असे लिहिले असते तर ती ३८ झाली असती.